वर्षभर हात लागला नाही म्हणून आजीचा तांब्या भंगारात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरातला पसारा कसा आवरावा यावर लेख आला होता, तो वाचला. लेख चांगलाय, त्यातलं बरंच मला पटलंही, कारण माझ्या स्वतःच्या ओट्याखाली आइस्क्रीमचे रिकामे डबे एवढे साठलेत की दार उघडलं की ते अंगावर येतात. पण त्यातला एक नियम काही केल्या पचनी पडेना. ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही ती डोळे मिटून बाहेर काढा म्हणे. आता हा नियम सेलमधून आणलेल्या सँडविच मेकरला लावा, जिमच्या सायकलला लावा, हरकत नाही. पण तोच नियम लावून आमच्या गिरगावच्या घरातली पितळेची भांडी थेट भंगारवाल्याच्या काट्यावर चढायला निघाली होती, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

झालं काय की माझ्या माहेरची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. पागडीच्या दोन खोल्या, बाहेर कॉमन गॅलरी, आणि स्वयंपाकघराच्या डोक्यावर लाकडी माळा. बिल्डरने दुसरीकडे राहायचं भाडं द्यायला सुरुवात केली, खोल्या रिकाम्या करायची तारीख आली, आणि दादा-वहिनीने जे प्रत्येक घर करतं तेच केलं, म्हणजे आधी माळा रिकामा करायला घेतला. वहिनीने रीतसर फोन केला, तुझ्या आईचं काही हवं असेल तर येऊन बघून जा म्हणाली. (वहिनीला कुणी खलनायिका करू नका, एवढं सामान तिने एकटीने बांधलंय.) मी पोचले तोवर भाच्याने खाली भंगारवाला बोलावूनही ठेवला होता. "आत्या, हे सगळं किलोवर जातं, पितळेला चांगला भाव आहे, आणि नव्या किचनमधे हे ठेवणार कुठे?"

प्रश्न बरोबर आहे हो त्याचा. मुंबईतल्या बीडीडी चाळींचंच बघा ना, १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणसं ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमधे चालली आहेत, म्हणजे जागा तिपटीने वाढली. आणि तरी जो तो म्हणतो की जुनं सामान मावत नाही. कारण खोली लहान होती पण तिला माळा होता, फळी होती, खुंट्या होत्या, कॉटखाली ट्रंका सरकवायची सोय होती. नव्या फ्लॅटमधे सगळं कसं गुळगुळीत, मॉड्युलर ट्रॉलीमधे ताटं उभी राहतात पण कळशी काही केल्या बसत नाही. म्हणजे जागेचे फूट वाढले पण आजीला जागा नाही.

असो. तर माळ्यावरून काय काय खाली आलं. तांब्याचा बंब, त्याच्या तोटीला चिंधी गुंडाळलेली तशीच. घंगाळ. दोन कळशा, त्यातली एक बुडाला डाग दिलेली. एकात एक बसवलेली सतेली. शेवेचा पितळी सोऱ्या, त्याच्या चकत्या कापडाच्या पुरचुंडीत. पंचपाळं. झाकणाची चरवी. आणि एक तांब्या, मध्यम आकाराचा, अगदी काळा पडलेला, एका बाजूला पोचा आलेला. भाच्याने तो हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि पोत्यात टाकला. मी काढला. खांद्याजवळ बोट फिरवलं तर खरखर लागली. नाव घातलेलं होतं.

आता मशीनने नाव घालतात तसं नव्हे. हल्ली भांड्याच्या दुकानात करकर करत पेनसारखं मशीन फिरवतात आणि दोन मिनिटांत इंग्रजीत आद्याक्षरं टाकून मोकळे होतात. पूर्वी छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर काढायचे. जवळून बघितलं तर प्रत्येक ठिपका वेगळा दिसतो, वेलांटीच्या वळणावर ठिपके दाट होतात, आणि ओळीच्या शेवटी जागा संपत आली की अक्षरं बारीक होत जातात. या तांब्यावर घासून घासून निम्मी अक्षरं गेली होती. घरात डबीत रांगोळी शिल्लक होती, ती चिमूटभर घेऊन चोळली आणि वरून कोरड्या फडक्याने हलकं पुसून घेतलं, तसं ठिपक्यांत पांढरं बसून ओळ उठून आली. "चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट, शके १८६६ वैशाख". नाव इथे देत नाही, आजीला पेपरात नाव आलेलं मुळीच आवडलं नसतं.

पण ते नाव आमच्यापैकी कुणाला ओळखीचंच नव्हतं! दादा म्हणाला हे कुणाचं, चुकून आलं असेल शेजाऱ्यांचं. शेवटी गावाकडच्या आत्येला फोन लावला तेव्हा कळलं, ते आजीचं माहेरचं नाव. आम्ही जन्मापासून जे नाव ऐकलं, जे रेशनकार्डावर होतं, जे तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर आहे, ते लग्नात ठेवलेलं. पहिलं नाव बदललं, बापाचं गेलं, आडनाव गेलं. म्हणजे साधारण पंधरा वर्षं ती ज्या नावाने हाकेला ओ देत होती त्या नावाचा उभ्या घरात एकच पुरावा होता, आणि तो पोत्यात पडला होता.

मला जे म्हणायचंय ते हेच. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत आहे, सगळ्यांनी बघितली असेल. पुढे ताट हललं की ते नाव मोडतं, तांदूळ पुन्हा तांदूळ होतात. पण कागदोपत्री आयुष्यभर तेच राहतं. आणि जुनं नाव, जे मामाने पैसे मोजून पितळेवर ठोकून घेतलं होतं, ते माळ्यावर जातं. आपल्या आज्या-पणज्या शाळेत गेल्याच असतील असं नाही, गेल्या तरी दाखले कुणी जपलेत? जमीन त्यांच्या नावावर नाही, घर नाही, सातबाऱ्यावर बाप्ये. वंशावळ काढायला बसलो की पुरुषांची नावं सात पिढ्या मागे जातात आणि बायकांच्या जागी रेघ. अशा घरात रुखवतातली आणि आंदणातली भांडी हाच त्यांचा दप्तरखाना. नाव, कुणी दिलं, कधी दिलं, सगळं एका ओळीत.

सरकारला उशिरा का होईना सुचलं, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर स्वतःच्या नावापाठोपाठ आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला. चांगलं झालं. पण मागच्या पिढ्यांतल्या आयांचं काय, त्यांच्यासाठी काही कुणी जीआर काढणार नाही. त्यांचं जे काही आहे ते स्वयंपाकघरात आहे.

आणि कायद्याचंच बोलायचं तर ही भांडी "घरची" नसतातच मुळी. लग्नात मुलीला माहेरून जे मिळतं ते स्त्रीधन, त्यावर हक्क तिचा. सुप्रीम कोर्टाने १९८५ साली प्रतिभा राणीच्या खटल्यात हे ठणकावून सांगितलंय, सासरी ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही. आता आजी तर गेली, मग कोर्टकचेरी कोण करणार, आणि तांब्यासाठी कशाला कोण करेल! पण निदान मोडीत घालताना एवढं तरी मनात यावं की आपण विकतोय ते आपलं होतं का.

नाव घालायची पद्धत मुळात भावनेपोटी आली असंही नाही बरं का. ती सोय होती. कार्य निघालं की आख्ख्या आळीची भांडी एकत्र यायची, पंगती उठल्या की उष्ट्या-खरकट्या ढिगातून ज्याची त्याने ओळखायची कशी, तर नावावरून. शेजारी वाटीतून पुरण गेलं तर ती वाटी परत यायला हवी, आणि रिकामी नाही, तिच्यात चमचाभर साखर तरी घालूनच यायची. तेव्हा भांडी घरोघर फिरायची आणि नाव बघून परत यायची. आमच्या आजीची बहीण पुण्यात नारायण पेठेत दिली होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्यांच्या वाड्यातलं होतं नव्हतं ते वाहून गेलं, कपडे, कागदपत्रं, लग्नाचा एकुलता एक फोटो, सगळं. गाळ उपसायचं काम कितीतरी दिवस चाललं होतं. आणि मग कुठल्या तरी लांबच्या वाड्यातून एक माणूस सतेलं घेऊन दारात उभा, यावर तुमचं नाव आहे म्हणाला. गाळात रुतलेलं, घासलं तर जसंच्या तसं. फोटो गेला तो गेलाच. ती मावशीआजी पुढे त्या सतेल्यात दुसरं काही करायचीच नाही, फक्त अक्षय्यतृतीयेचं पन्हं. खरं तर पन्ह्याला कल्हई पक्की लागते, नाहीतर आंबट कळकतं, पण ती दरवर्षी न चुकता कल्हई करून घ्यायची.

कल्हई हा शब्द आता नव्या पोरांना सांगावा लागतो. पितळेच्या नुसत्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवलं की ते कळकतं, हिरवट होतं, खाल्लं तर उलट्या व्हायच्या. म्हणून आतून कथलाचा, म्हणजे टिनचा, थर. कल्हईवाला रस्त्याच्या कडेला खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता मारायचा, भांडं लालसर तापलं की नवसागराची पूड टाकायची, तो धूर नाकात गेला की ठसका लागायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन आतून फिरवायचं आणि पाण्यात बुडवायचं. चुर्र. आम्ही पोरं शाळा बुडवून बघत बसायचो. स्टील आलं आणि हे सगळं संपलं. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, राख नको, बायकांचे हात वाचले, त्याबद्दल मी एक अक्षर वाकडं बोलणार नाही. ज्यांना पितळेचं फार कौतुक वाटतं त्यांनी एकदा पंचवीस माणसांचा पितळी ढीग घासून दाखवावा मग बोलावं.

पण तेव्हाही एक झालंच. घरोघरच्या बायकांनी पितळ मोडीत घालून स्टील आणलं. दुकानदार वजन करणार, डागाची म्हणून घट कापणार, आणि वर एक पळी फुकट देणार. साड्यांचं तेच, बोहारणीला जरीच्या साड्या दिल्या आणि डबे घेतले. खऱ्या जरीत चांदी असते, ती साडी जाळून चांदी काढायची आणि विकायची. आमच्या आईने तिच्या आईचा शालू असाच दिला होता, आलेला डबा अजून आहे, त्यात मी रवा ठेवते. आईला दोष नाही, तेव्हा डब्याची गरज होती आणि शालू जीर्ण झाला होता. फाटक्या नऊवारींच्या मात्र आजीने गोधड्या शिवल्या, त्यातली एक अजून माझ्या पायथ्याशी असते, आणि कुठला चौकोन कुणाच्या लुगड्याचा हे मला सांगता येतं. म्हणजे वस्तू टिकायला ती वापरात हवी, हे मलाही मान्य आहे. माळ्यावर काळी पडत ठेवणं म्हणजे जपणं नव्हे.

गंमत बघा, आपण जे किलोवर देतोय ते कुणीतरी नगावर विकतंय. ऑनलाइन बघा "व्हिंटेज ब्रास" म्हणून, घंगाळं, बंब, कळश्या, किमती बघून डोळे फिरतात. फार्महाऊसच्या गेटवर घंगाळात कमळं लावतात. मध्यंतरी एका हॉटेलात जेवायला गेलो, मराठमोळं वातावरण म्हणून भिंतीवर पितळी ताटं टांगलेली, मी वाकून बघितलं तर एकावर "सौ." पासून सुरू होणारं कुणाचं तरी पूर्ण नाव आणि गावाचं नाव. माझ्या नवऱ्याने मला खाली बसवलं. पण मला जेवण गेलं नाही हो नीट. कुणाच्या तरी आजीचं ताट, तिच्या नातवंडांनी कदाचित त्याच्याखाली बसून थाळी खाल्ली असेल आणि फोटोही काढला असेल.

याच्या उलट पुण्यातलं केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांचा एकुलता मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंना त्याचं नाव दिलं, राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथे जाऊन बघा काय आहे, राजेरजवाड्यांच्या तलवारी बघायला लोक जातात पण खरी मजा अडकित्त्यांत आहे, दिव्यांत आहे, पाय घासायच्या वज्रींमधे आहे. रोजच्या वापरातल्या वस्तू, ज्या इतरांनी अडगळ म्हणून काढल्या असत्या. आता प्रत्येकाने घराचं म्युझियम करावं असं मी म्हणत नाही, मला स्वतःला धूळ पुसायचा कंटाळा आहे.

तर मी काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर होईल. सगळी भांडी गॅलरीत मांडली आणि नुसती नावं वाचली. जिथे अक्षर दिसेना तिथे रांगोळी, नाहीतर टाल्कम पावडर. बाजूने टॉर्च मारून मोबाइलवर फोटो काढले, समोरून उजेड पडला की ठिपके दिसत नाहीत, तिरपा हवा. पितांबरी किंवा चिंच-मीठ लावून खसाखसा घासायचा मोह टाळला, कारण अक्षरं गेलीत ती घासूनच. मग दोन वाटण्या केल्या. आजोबांचं नाव असलेली भांडी, म्हणजे जी घरात नंतर विकत आली ती, सरळ जाऊ दिली. दादाला जरा वाईट वाटलं पण मी म्हटलं आजोबांचं नाव सातबाऱ्यावर आहे, पागडीच्या पावतीवर आहे, गावच्या देवळाच्या पायरीवर आहे, त्यांची काही काळजी करू नकोस. बंब गेला, घंगाळ गेलं, बिननावाच्या कळशा गेल्या. बायकांच्या माहेरची नावं असलेलं तेवढं ठेवलं. आजीचा तांब्या, आईची दोन फुलपात्रं, आणि एक चरवी जिच्यावर आजीच्या सासूचं नाव निघालं, तेही माहेरचं. एका पिशवीत मावलं सगळं. पसारा म्हणतात तो एवढासाच होता.

तांब्याचा पोचा मी पुण्याला गेले तेव्हा कसबा पेठेत तांबट आळीत काढून घेतला. अजून तिथे हातोड्याचा ठकठक आवाज येतो, मठारकाम करतात, भांड्यावर एकसारखे ठोके पाडतात ना ते. त्या माणसाने तांब्या हातात फिरवला आणि न विचारता म्हणाला, नावाच्या बाजूला ठोकत नाही. काम करून दिलं आणि पैसेही वाजवी घेतले. आता तो तांब्या रोज रात्री माझ्या उशाशी पाण्याचा असतो. वर्षभर हात न लागण्याचा प्रश्नच मिटला!

भाच्याला पण मी चरवी दिली, नेतो म्हणाला, आणि खरंच नेली. त्याच्या बायकोने त्यात ओट्यावर पळ्या-उलथणी उभी करून ठेवलीत. मला चालतं. नाव पुढच्या बाजूला येईल अशी ठेवली आहे एवढं मी बघून आले.

तुम्हाला एवढीच विनंती की पसाऱ्यावर पुढचा लेख छापाल, दिवाळीआधी छापालच, तेव्हा त्यात एक ओळ वाढवा, की पोत्यात टाकण्याआधी भांडं उलटंसुलटं करून नाव वाचा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ते नाव कुणाचं हे विचारा. आमची आत्या ऐंशीच्या पुढे आहे, तिला फोन लागला म्हणून कळलं. आणि जागा असेल तर वाचकांकडून भांड्यांवरचे मजकूर मागवा. कुणाच्या वाटीवर काय लिहिलंय ते छापा. शुद्धलेखन सुधारू नका, छिन्नीवाल्याने जसं लिहिलं तसंच.

आपली,
एक वाचक, डोंबिवली

ता. क. डोंबिवली-कल्याण भागात अजून फिरणारा कल्हईवाला कुणाला माहीत असेल तर कृपया या सदरात कळवावं. आईची फुलपात्रं आतून पार उघडी पडली आहेत, आणि दुकानात विचारलं तर मुलगा म्हणतो काकू, पॉलिश करून देऊ का. पॉलिश नकोय मला, अक्षरं जातील.